जवळ्याचं भजं आणि सानलुकारची वाइन

श्रोतेहो, नमस्कार. स्पेनचं जेवण म्हटलं की आपल्याला पाएया आठवतो. त्याचं घर वॅलेन्सिया. तिथल्या मूळ पाएयात मासळी नसते, कोंबडी, ससा आणि शेंगा असतात. तळाशी धरलेल्या खरपूस भाताला तिथे 'सोकार्रात' म्हणतात. आपल्याकडे खरवडीवर झडप पडते, तशीच तिथे त्याच्यावर.

पण आज मला तुम्हाला न्यायचंय खाली दक्षिणेला, काडिसच्या किनाऱ्यावर. तिथे 'तोर्तियितास दे कामारोनेस' नावाचा प्रकार करतात. कामारोन म्हणजे अगदी इवलीशी कोळंबी, सालासकट खायची. आपला जवळा डोळ्यांपुढे आणा. गव्हाचं पीठ आणि त्यात बेसन, हो, हरभऱ्याचं पीठ! बारीक चिरलेला कांदा, पार्स्ली, मीठ, गार पाणी. पीठ आपल्या भज्यांपेक्षा खूपच पातळ. कढत ऑलिव्ह तेलात डावाने सोडलं की ते चर्रकन पसरतं, कडेला घावनासारखी जाळी धरते आणि आत कोळंबीचे काळे टिपके डोळे दिसत राहतात. मला हा पदार्थ परका वाटतच नाही.

आता याच्याबरोबर काय प्यायचं? तिथले लोक डोळे मिटून 'मांझानिया' सांगतील, आणि त्यांचं अगदी बरोबर आहे. ग्वादाल्किविर नदी समुद्राला मिळते तिथे सानलुकार दे बार्रामेदा हे गाव आहे. मांझानिया मुरते ती फक्त तिथेच. पालोमिनो जातीच्या द्राक्षांची ही वाइन साधारण 15 टक्के अल्कोहोलपर्यंत आणून ओकच्या पिंपांत भरतात, पण काठोकाठ नाही. त्या मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टची साय धरते. तिला 'फ्लोर', म्हणजे फूल, म्हणतात. किती समर्पक नाव! ही साय वाइनला हवा लागू देत नाही, आणि खालून तिच्यातली उरलीसुरली साखरही खाऊन टाकते. आतल्या बाजूच्या हेरेस शहरात अशाच वाइनवरची साय उन्हाळ्यात विरळ होते. सानलुकारला खाडीचा दमट वारा असतो, त्यामुळे ती वर्षभर जाड राहते.

म्हणून या वाइनमध्ये गोडव्याचा मागमूस नसतो, आणि मागे खारट चव रेंगाळते. थंडगार घोट घेतला की तळणाचा तेलकटपणा निघून जातो, कोळंबीची चव मात्र जिभेवर तशीच राहते. इथे लाल वाइन घेऊ नका. मासळीसोबत ती तोंडात लोखंडासारखी लागते. लाल वाइन रिबेरा देल दुएरोकडच्या भट्टीत भाजलेल्या कोकरासाठी राखून ठेवा, तिथे तिला तोड नाही.

एक मात्र सांभाळा. मांझानियाची बाटली उघडली की तिचा ताजेपणा काही दिवसांतच उतरतो. सानलुकारच्या टेबलांवर म्हणूनच अर्धी बाटली दिसते, बर्फात रोवलेली, आणि भज्यांची दुसरी ताटली येईपर्यंत ती रिकामी झालेली असते.