उघड्या अंगाची लाज

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय ऐकून कुणी रेडिओचा आवाज कमी करील. करू देत. कपडे न घालता पोहणं, ऊन खाणं, रानात भटकणं याला जगात बऱ्याच ठिकाणी मान्यता मिळू लागली आहे. ती कशी मिळाली, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

हे फॅड कालपरवाचं नाही. ठाण्यात नेमणुकीवर असलेल्या चार्ल्स क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने १८९१ सालीच असं एक मंडळ काढलं होतं. सभासद अवघे तीन! पुढे जर्मनीत ऊन आणि मोकळी हवा हेच औषध मानणाऱ्यांनी याची चळवळ केली. १९३३ मध्ये नाझींनी तिच्यावर बंदी आणली, तरी ती संपली नाही. १९५० साली फ्रान्समध्ये मोंतालिवेच्या किनाऱ्यावर अशा कुटुंबांसाठी सुट्टीची वसाहतच उभी राहिली.

मला मात्र ब्राइटनचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. इंग्लंडमधल्या या शहराने १९८० मध्ये आपल्या दगडगोट्यांच्या किनाऱ्याचा एक तुकडा यासाठी राखून ठेवला. त्याआधी वादंग माजलं होतं. पण हद्द ठरली, पाटी लागली. ज्याला यायचं तो येतो, ज्याला नको तो पुढे जातो. माझ्या मते मान्यतेचं खरं मूळ या पाटीत आहे. नको असलेल्या माणसासमोर अंग उघडं टाकणं वेगळं आणि सगळ्यांच्या संमतीने उघडं असणं वेगळं.

अशा जागांचे नियमही कडक असतात. बसायच्या आधी खुर्चीवर, बाकावर स्वतःचा टॉवेल अंथरायचा, ही पहिली शिस्त. टक लावून बघायचं नाही. विचारल्याशिवाय फोटो तर नाहीच. नवखा माणूस पहिली काही मिनिटं अवघडतो, हात कुठे ठेवावेत हेही त्याला कळत नाही. मग त्याच्या लक्षात येतं की सुटलेलं पोट, ऑपरेशनचा व्रण, म्हातारपणाच्या सुरकुत्या सगळ्यांच्याच अंगावर आहेत आणि कुणी त्याच्याकडे बघतही नाहीये.

लंडनच्या गोल्डस्मिथ्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कीऑन वेस्ट यांनी २०१७ मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. अशा उपक्रमांत भाग घेणारे लोक स्वतःच्या शरीराबद्दल जास्त समाधानी आढळले. जाहिरातीतली घोटीव शरीरं रात्रंदिवस बघून स्वतःचा तिटकारा करणाऱ्या पोरीबाळींचा विचार केला, की हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

२०२३ मध्ये बर्लिनच्या सार्वजनिक जलतरण तलावांत बायकांनाही पुरुषांसारखं उघड्या छातीने पोहायची मुभा मिळाली. एका बाईने तक्रार नोंदवली, म्हणून.

आता भीती आहे ती खिशातल्या फोनची. एक चोरटा फोटो आणि वर्षानुवर्षांचा विश्वास गेला. म्हणून अशा ठिकाणी आत शिरताना कपड्यांआधी फोन बाजूला ठेवायला सांगतात, ते मला अगदी योग्य वाटतं. नमस्कार.