यशवंती आणि ते दोघे

(दृश्य : पहाट. सिंहगडाची पश्चिम बाजू, खालून.)

हा डोणागिरीचा कडा. खालून वर बघायला गेलं तर डोक्यावरची टोपी पडते. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. त्या रात्री तानाजी मालुसऱ्यांची माणसं कडा चढून वर गेली. कशी? चौथीतल्या कुठल्याही पोराला विचारा, उत्तर तयार असतं : यशवंती! कमरेला दोर बांधलेली, मागे फिरली म्हणून तानाजींचा दम खाल्लेली घोरपड.

(दृश्य : शाळेचं स्नेहसंमेलन. पुठ्ठ्याची घोरपड.)

संमेलनात तिचं काम ठरलेलं. पडद्यामागून तिची सुतळी ओढणारा मुलगा एके वर्षी मीच होतो. सुतळी मध्येच तुटली, घोरपड खाली पडली. तरी मावळे वर पोचले, टाळ्याही पडल्या.

(दृश्य : मोडी कागद, समईचा उजेड.)

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला बखर लिहिली ती १६९७च्या सुमारास. म्हणजे लढाई पाहिलेली माणसं तेव्हा हयात असणार. त्याच्या बखरीत घोरपड नाही. दोन मर्द मावळे निवडले, ते रात्री वानरासारखे कडा चढले, वरून त्यांनी माळ सोडली आणि तिच्यावरून तीनशे माणूस वर आलं. माळ म्हणजे दोरांची शिडी. या दोघांची नावं सभासद देत नाही. घोरपडीला मात्र नाव मिळालं.

ती आली तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. शाहिराला दोष कशाला द्यायचा? डफावर थाप पडली की रात्र जागवायला असं एखादं जनावर लागतंच. आणि घोरपडीची पकड खरंच चिवट. कपारीत शिरली की अंग फुगवून अशी रुतते की ओढून निघत नाही. पण चार-पाच किलोंचा जीव. ती सांगितलेल्या जागी जाऊन रुतेल कशावरून? आणि तिच्या कमरेच्या दोरावर गडी लोंबकळणार?

(दृश्य : रात्र. राजगडावरून दूर दिसणारा जाळ.)

गडावर तानाजी आणि मोगलांचा किल्लेदार उदेभान एकमेकांच्या हातून पडले. तानाजींचा भाऊ सूर्याजी, त्याने लोक सावरले, गड घेतला, पागा पेटवल्या. तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. तानाजी गेल्याचं कळल्यावर महाराज काय म्हणाले? आपण पाठ केलंय, 'गड आला, पण सिंह गेला'. सभासदाने लिहिलंय, 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला'. सिंह त्यात नाही.

(दृश्य : गडाचा दरवाजा. दह्याची मडकी, भजीच्या कढया.)

याच सिंहावरून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असंही आपल्याला शिकवलं. पण महाराजांच्या १६६३च्या पत्रात सिंहगड हे नाव आहे. तेव्हा तानाजी धडधाकट होते.