मुंबईचं सागवान, हार्टलपूलचं पाणी

हे हार्टलपूल. इंग्लंडचा ईशान्य किनारा, वारा असा की जॅकेटची चेन आपोआप गळ्यापर्यंत जाते. आणि समोर म्युझियमच्या डॉकमध्ये ती तीन डोलकाठ्यांची फ्रिगेट, म्हणजे शिडाची वेगवान युद्धनौका, दिसतेय ना, एचएमएस त्रिंकोमाली, ती मुंबईची आहे. म्हणजे अगदी मुंबईतच बांधलेली, १२ ऑक्टोबर १८१७ ला तिथल्या गोदीतून पाण्यात उतरलेली.

आता प्रश्न पडतो, इंग्रजांना जहाज बांधायला इतक्या लांब यायची काय गरज? तर नेपोलियनशी लढून लढून त्यांच्याकडे ओकचा तुटवडा झालेला, आणि आपल्याकडे मलबारचं सागवान. सागवानात तेल असतं त्यामुळे ते पाण्यात लवकर सडत नाही आणि लोखंडी खिळेही ओकमध्ये गंजतात तसे गंजत नाहीत. बांधणारे होते जमशेटजी बोमनजी वाडिया. पारशी रिवाजाप्रमाणे त्यांनी जहाजाच्या कण्यात, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईत, चांदीचा खिळा ठोकला होता म्हणतात. गंमत म्हणजे जहाज बांधायचे आधी पाठवलेले नकाशे पोचलेच नव्हते, ते नेणारं जावा नावाचं जहाज १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकनांनी हरवून जाळून टाकलं, मग नकाशे परत पाठवावे लागले.

चला आत. डोकं सांभाळा, खालच्या डेकवर तुळया खूप खाली आहेत, माझं दोनदा आपटलं. इथे खलाशांच्या झोपायच्या झोळ्या टांगायचे, माणशी १४ इंच जागा. चौदा! आपली लोकलची चौथी सीट बरी.

एवढं दणकट जहाज, पण इंग्लंडमधल्या पोर्ट्समाउथ बंदराला पोचेपर्यंत लढाया संपलेल्या, त्यामुळे १८४५ पर्यंत नुसतं बंदरात उभं करून ठेवलेलं. मला वाटतं म्हणूनच ते वाचलं. पुढे फूड्रॉयंट हे नाव लावून पोरांना ट्रेनिंग द्यायला वापरलं, १९८७ मध्ये इथे आणून दुरुस्तीला घेतलं, ती २००१ पर्यंत चालली, मधेच जुनं नावही परत मिळालं. आज युरोपात तरंगत असलेली ही सगळ्यात जुनी युद्धनौका, आणि निम्म्याहून जास्त लाकूड अजून तेच, मुंबईत बसवलेलं.

ह्या तुळईवर हात ठेवून बघा. गार आहे, गुळगुळीत, आजीच्या घरातल्या उंबरठ्यासारखी. चांदीचा खिळा मात्र दिसत नाही, कणा पाण्याखाली आहे.