तीन गोल्डच्या आधीची आणि नंतरची विल्मा

बसा मुलींनो. विल्मा रुडॉल्फ म्हटलं की सगळे १९६० चं रोम ऑलिंपिकच सांगतात, १०० मीटर, २०० मीटर आणि ४ बाय १०० रिले अशी तीन गोल्ड, एकाच ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर तीन गोल्ड घेणारी पहिली अमेरिकन बाई, हे सगळं खरंच आहे पण मला त्याच्या आधीचं आणि नंतरचं बोलायचंय, कारण मला ती त्यासाठी जास्त आवडते.

अमेरिकेत टेनेसी राज्यात क्लार्क्सव्हिल गाव, तिथली ही, जन्म १९४० चा. वडिलांची दोन लग्नं, सगळी मिळून २२ भावंडं आणि ही विसावी. आई गोऱ्यांच्या घरी कामाला जायची. लहानपणीच पोलिओ झाला आणि डावा पाय लुळा पडला. गावात काळ्यांना नीट उपचार मिळायचे नाहीत, मग आई तिला घेऊन बसने ऐंशी किलोमीटरवर नॅशव्हिलला जायची, तेही मागच्या सीटवर बसून, कारण पुढच्या सीट गोऱ्यांच्या. तिथे पायाला मालिश कशी करायची ते शिकवलं, दिवसातून चार वेळा करायची होती. आता कामाला जाणारी एकटी आई कुठे कुठे पुरणार, मग भावंडांनी पाळ्या लावून घेतल्या. मी जेव्हा जेव्हा हे आठवते ना तेव्हा मला ते घर दिसतं, कोणीतरी शाळेतून आलंय, दप्तर टाकलंय आणि आधी बहिणीचा पाय मांडीवर घेतलाय. कितीतरी वर्षं पायात लोखंडी ब्रेस, मग जाड सोलचा खास बूट, तो सुटला तेव्हा ती साधारण ११-१२ वर्षांची होती. आणि सोळाव्या वर्षी मेलबर्न ऑलिंपिकला रिलेचं ब्राँझ!

पुढे टेनेसी स्टेट कॉलेज, कोच एड टेम्पल. त्या काळात या मुलींना स्पोर्ट्स स्कॉलरशिप वगैरे काही नाही, कॉलेजातच रोज दोन तास काम करून फी भागवायची. सरांचा नियम एकच, जितके मिनिटं उशीर तितके राउंड. विल्मा एकदा झोपून राहिली, अर्धा तास उशीर, तर ३० राउंड मारायला लावले आणि तिने मारले. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच येऊन बसलेली. रोमला रिले जिंकलेल्या चारही मुली याच कॉलेजच्या, हे लक्षात ठेवा.

रोमहून आल्यावर गावाने मिरवणूक आणि जेवण ठेवलं, पण काळे वेगळे आणि गोरे वेगळे असं ठरत होतं. २० वर्षांची पोर, तिने सरळ सांगितलं की असं असेल तर मी येणार नाही. गावाला ऐकावं लागलं. क्लार्क्सव्हिलमध्ये काळे-गोरे एकत्र आले असा तो पहिलाच कार्यक्रम. माझ्या मते हे तिचं चौथं गोल्ड.

१९६२ ला, म्हणजे २२ व्या वर्षी तिने धावणं थांबवलं, हातात पैसा काही नव्हता कारण तेव्हा हौशी खेळाडूंना पैसे घ्यायचीच बंदी. १९६३ ला डिग्री घेतली आणि गावात परत आली, लहान मुलांना शिकवायला लागली आणि ज्या बर्ट हायस्कूलमध्ये स्वतः धावायला लागली तिथल्याच मुलींची कोच झाली. त्याच वर्षी गावातल्या एका हॉटेलात काळ्यांना घेत नव्हते म्हणून निदर्शनं झाली, त्यातही ती होती. नंतर १९६७ ला मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांत जाऊन पोरांना धावायला शिकवलं. १९८१ ला इंडियानापोलिसला स्वतःचं फाउंडेशन काढलं, तिथे पोरांना कोचिंग फुकट आणि अभ्यासातही मदत, नुसतं पळवायचं नाही. मग डीपॉ युनिव्हर्सिटीत मुलींची कोच. १९९४ ला कॅन्सरने गेली, अवघी ५४ वर्षांची.

जाता जाता एक राहिलं. १९६२ ला स्टॅनफर्डला रशियन टीमविरुद्ध तिची शेवटची मोठी मीट. रिलेत बॅटन, म्हणजे एकीने दुसरीकडे द्यायची कांडी, मिळाली तेव्हा ती मागे होती, तरी जिंकली. नंतर सह्या घ्यायला गर्दी, आणि एक छोटा मुलगा समोर आला. तिने पायातले स्पाइक्स, म्हणजे धावायचे खिळ्यांचे बूट, काढले, दोन्हीवर सही केली आणि त्याच्या हातात दिले.