तडा गेलेली चासी

(दृश्य: पहाटेचा अंधार. भाजीचे क्रेट भरलेली पिकअप जांबोटीच्या रस्त्याला लागते.)

बेळगावातून गोव्याला निघालेली भाजी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरते. खानापूरची वीट गावोगाव पोचते, निपाणीकडे तंबाखूची पोती हलतात. ही ओझी वाहणाऱ्या पिकअपमध्ये दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या गाड्या कितीतरी आहेत. सव्वा टनाची गाडी दोन टन घेऊन खड्ड्यांतून चालली की चासी, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा, दर खड्ड्याला वाकते आणि परत सरळ होते. तार मागेपुढे वाकवत राहिलं की ती तुटते. चासीचंही तसंच, फक्त तिला काही वर्षं लागतात.

(दृश्य: गाडीखाली बॅटरीचा उजेड. रंगाखाली केसासारखी तांबूस रेघ.)

तडा वाटेल तिथे जात नाही, त्याच्या जागा ठरलेल्या असतात. मागच्या पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) पुढचा हँगर, म्हणजे पाटे चासीला टांगणारी बैठक, केबिन आणि हौद्यामधली (मागच्या माल ठेवायच्या भागामधली) जागा, चासीचे दोन लांब दांडे जोडणाऱ्या क्रॉस मेंबरची रिबिटं, या जागा आधी बघायच्या. ताठ भाग संपून लवचीक भाग जिथे सुरू होतो, तिथे ताण गोळा होतो. हौदा भरला की केबिनचं दार नीट लागत नाही, केबिन आणि हौद्यामधली फट वर-खाली सारखी राहत नाही, ही बाहेरून दिसणारी खूण. खानापूर भागातला तांबडा चिखल चॅनलच्या, म्हणजे चासीच्या लांब पोकळ दांड्याच्या, आत बसतो, उन्हाळा आला तरी ओल धरून राहतो आणि पत्रा आतून खातो. म्हणून तपासणीआधी चॅनल आतून धुवायचं, मग टोकदार हातोडीने ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, तर तिथे वेल्ड धरणारच नाही. तो तुकडा बदलावा लागतो.

रेघेचं खरं टोक डोळ्यांना दिसत नाही. रंग काढून पत्रा उघडा करायचा, पेनिट्रंट, म्हणजे फटीत शिरणारा लाल द्रव, मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कापडाने पुसायचं आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटते आणि तडा दिसत होता त्यापेक्षा लांब निघतो. त्या टोकाच्या किंचित पुढे सेंटर पंच मारून ६ मिलिमीटरचं भोक पाडायचं. टोकाची धार गोल झाली की तडा तिथेच अडतो. भोक टोकाच्या अलीकडे पडलं तर सगळी मेहनत वाया, कारण तडा वेल्डच्या पलीकडून पुन्हा निघतो.

(दृश्य: रिकामी गाडी घोड्यांवर. ओळंबा, जमिनीवर खडूच्या खुणा.)

वेल्डिंगची घाई इथेच नडते. हौदा रिकामा करायचा, तड्याच्या दोन्ही बाजूंना घोड्या (आधाराचे स्टँड) लावायच्या आणि जॅकने चासी इतकीच उचलायची, की फट मिटून दोन्ही कडा एका पातळीवर येतील. मग दोन्ही बाजूंच्या सारख्या भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करायच्या आणि तिरकी मापं ताडून बघायची. दोन्ही कर्ण जुळत नसतील तर चासी पिळली आहे. तशीच वेल्ड केली तर ती पिळलेलीच पक्की होते आणि पुढे टायर एका बाजूने झिजत राहतात.

बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या, अल्टरनेटरची जोडणी सोडायची. डिझेलची नळी, ब्रेकची नळी आणि वायरिंग बाजूला घ्यायचं. टाकी जवळ असेल तर उतरवायचीच. वेल्डिंग मशीनचा अर्थ क्लॅम्प तड्याजवळच, घासलेल्या पत्र्यावर लावायचा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

तड्यावर ग्राइंडरने साठ अंशांची व्ही-खाच करायची, बुडाशी सुमारे २ मिलिमीटर फट ठेवायची. वेल्डिंगचा नेहमीचा ६०१३ नंबरचा रॉड सोपा चालतो, पण चासीला ७०१८ हवा. त्याच्या वेल्डमध्ये हायड्रोजन कमी राहतो, म्हणून तडा जायचा धोका कमी. पण हा रॉड पावसाळी हवेत ओल धरतो. उघड्या पाकिटातला रॉड ओव्हनमध्ये तापवून कोरडा करूनच वापरायचा, नाहीतर त्याचा फायदा उरत नाही. डीसी मशीन, रॉड मशीनच्या प्लस टोकाला. २.५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ७० ते १०० अँपिअर. पहिला थर झाला की स्लॅग, म्हणजे वेल्डवरची खपली, पूर्ण झाडायचा, मागून घासून मागचाही थर भरायचा. चॅनल उघडं असेल तर हे जमतं. बंद पेटीच्या चासीत मागे हात पोचत नाही, म्हणून तिथे बुडाची फट आणखी काटेकोर हवी. वेल्डवर पाणी मारायचं नाही, त्याने पोलाद कडक आणि ठिसूळ होतं. गार झाल्यावर गाडीच्या लांबीच्या दिशेनेच घासून सपाट करायचं. आडवे ओरखडे राहिले तर तेच पुढच्या तड्याचं मूळ होतात.

(दृश्य: पत्र्यावर खडूने आखलेली, दोन्ही टोकांना निमुळती पट्टी.)

आता जोडलेल्या तड्यावर आधाराला बसवायची पट्टी. पट्टी जाड घेतली की काम मजबूत, असं गॅरेजमध्ये सर्रास मानलं जातं आणि नुकसान इथेच होतं. पट्टीची जाडी चासीच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी हवी. दहा मिलिमीटरची पट्टी चासीला एकाच जागी ताठ करते आणि तडा पट्टीच्या टोकाशी सरकतो. पट्टी तड्याच्या दोन्ही बाजूंना १५०-२०० मिलिमीटर पुढे न्यायची, टोकं तिरकी कापायची, टोकांवर उभा वेल्ड घालायचा नाही. नेमक्या टोकावर आर्क सुरू किंवा बंदही करायचा नाही. वेल्ड ४०-५० मिलिमीटरच्या तुकड्यांत, एकदा इकडे एकदा तिकडे. सलग ओढला की चासी खेचली जाते.

चासीच्या वरच्या-खालच्या ओठांवर, म्हणजे चॅनलच्या दुमडलेल्या कडांवर, सर्वात जास्त ताण असतो, म्हणून तिथे पट्टीचा आडवा वेल्ड नाही, नवं भोकही नाही. सैल रिबिटं काढून ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे (हा मजबुतीचा क्रमांक) बोल्ट, भोकात घट्ट बसतील असे. एम१२ च्या (१२ मिलिमीटर जाडीच्या) ८.८ बोल्टला सुमारे ८० न्यूटन-मीटर टॉर्क. चासी नंबर कोरलेल्या जागेला ग्राइंडर लावायचा नाही, त्यावर पट्टीही नाही. फिटनेस तपासणीला तो नंबर दिसलाच पाहिजे. स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीत तडा असेल तर जोडून भागवायचं नाही. तो भागच बदलायचा.

मग तडा का गेला, ते शोधायचं. शॅकल (पाट्याचं टोक धरणारा झुलता दुवा) जाम झालेलं असतं, पाटे अ‍ॅक्सलला धरणारा यू-बोल्ट सैल असतो, नाहीतर वर ज्यादा पाटे घातलेले असतात. पाटे वाढले की भार पेलल्यासारखा वाटतो, पण पाटे लवत नाहीत आणि धक्का थेट चासीला बसतो. हे तसंच ठेवून केलेली दुरुस्ती टिकत नाही.

शेवटी झिंक प्रायमर, पट्टीच्या कडांना सीलंट आणि वर फिका राखाडी रंग. पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे. काळ्या रंगावर नवा तडा लपतो. राखाडीवर तांबूस रेघ लांबूनच दिसते.