पिवळा गुलाब म्हणजे मत्सर? हे ठरवलं कोणी?

(टेबलावर गुच्छ. कॅमेऱ्याकडे बघत.)

नमस्कार मंडळी! मध्यंतरी मी एक पराक्रम केला. मैत्रिणीला बढती मिळाली म्हणून पिवळ्याधमक गुलाबांचा बुके पाठवला. चिठ्ठी नाही, काही नाही, खाली फक्त माझं नाव. संध्याकाळी तिचा फोन. "अगं, पिवळा गुलाब म्हणजे मत्सर ना? मी आत्ताच शोधून बघितलं." हसत होती, पण जरा तोलूनमापून हसत होती. आणि गंमत म्हणजे बढती तिला मिळाली होती, मला नाही!

मग मी हट्टालाच पेटले. लाल म्हणजे प्रेम, गुलाबी म्हणजे कौतुक, पांढरं म्हणजे पावित्र्य, हे तक्ते तुम्हीही पाहिले असतील. पण ते आले कुठून?

तर गोष्ट जाते इस्तंबूलला. ब्रिटिश राजदूताची बायको लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू तिथून १७१७–१८ मध्ये पत्रं लिहीत होती. तिथे वस्तू पाठवून निरोप देतात, असं तिने एका पत्रात कळवलं. त्या वस्तूंच्या यादीत गुलाब होता, तशीच लवंग होती, साबण होता, कोळसाही होता! अर्थ रंगावरून ठरतच नव्हता. वस्तूच्या नावाशी यमक जुळणारी एखादी ओळ असायची, तोच निरोप. हे सगळं युरोपात पोचेपर्यंत साबण-कोळसा गळून पडले आणि फुलं तेवढी उरली. १८१९ मध्ये पॅरिसला शार्लोट द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेवरचं एक पुस्तक निघालं आणि मग अशा पुस्तकांचं पेवच फुटलं. त्यांचं आपापसात पटायचं नाही, तो भाग वेगळा. म्हणजे पाठवणाऱ्याकडे एक पुस्तक आणि घेणाऱ्याकडे दुसरं, की झालाच घोटाळा.

आता माझा गुन्हेगार.

(पिवळा गुलाब उपसून लेन्सजवळ आणते.)

केट ग्रीनअवे या चित्रकर्तीच्या १८८४ च्या पुस्तकात पिवळ्या गुलाबापुढे लिहिलंय : प्रेम ओसरणं, मत्सर. पण तेव्हाचा पिवळा गुलाब हा नव्हेच. फिकट पिवळट जाती होत्या. असा झगझगीत पिवळा हवा असेल तर पश्चिम आशियातून आलेला एक गुलाब होता. त्याचं शास्त्रीय नाव रोझा फिटिडा. फिटिडा म्हणजे चक्क दुर्गंधी! फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जोझेफ पेर्ने-द्यूशे यांनी त्याच्याच एका भरगच्च पाकळ्यांच्या जातीचे पराग वापरून वर्षानुवर्षं संकर केले आणि १९०० मध्ये 'सोलेय दोर', म्हणजे 'सोनेरी सूर्य', बाजारात आणला. बागेतल्या गुलाबांत हा गडद पिवळा आला तो तिथून. म्हणजे मत्सराचा शिक्का बसला तेव्हा माझ्या हातातलं हे फूल जन्मालाही आलं नव्हतं.

पुढे तर कमालच झाली. फ्रान्सिस मेयाँ यांनी तयार केलेला एक पिवळा गुलाब, कडांना हलकी गुलाबी झाक, १९४५ मध्ये 'पीस' या नावाने जाहीर झाला. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची स्थापना-परिषद भरली, तिथे शिष्टमंडळांना तोच दिला. मत्सर ते शांती, साठेक वर्षांत!

लालबद्दल फार बोलत नाही, तिथे सहसा कुणाचा गैरसमज होत नाही. फक्त ब्रिटनमध्ये रुग्णाला लाल-पांढरी फुलं एकत्र नेऊ नका. रक्त आणि बँडेज, असा तिथला जुना समज आहे.

खरी काळजी घ्यायची ती पांढऱ्याची. अमेरिकेत मदर्स डे सुरू करणाऱ्या ॲना जार्विसने १९०८ मध्ये आईच्या आठवणीत चर्चमध्ये पाचशे पांढरी कार्नेशन पाठवली. का? तर ते तिच्या आईचं आवडतं फूल. इतकं साधं कारण. पुढे तिथे मदर्स डेला रीत पडली : आई हयात असेल तर लाल किंवा गुलाबी, नसेल तर पांढरं. जपान, चीन, कोरियात पांढरी शेवंती अंत्यविधीची. आणि फ्रान्समध्ये शेवंती कुठल्याही रंगाची असो, ती थडग्यावर वाहायची. तिथे जेवायला बोलावलेल्यांनी यजमानीणबाईंच्या हातात शेवंती ठेवली, तर जेवण होईल, पण गप्पा रंगायच्या नाहीत.

आणि हा निळा गुलाब.

(देठ कापून टोक दाखवते.)

बघा, देठ आतून निळा. पाकळीच्या शिरा गडद आणि मधला भाग फिका. पांढरं फूल रंगाच्या पाण्यात ठेवलंय, बस. निळेपणा देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाबात नसतंच. म्हणूनच निळ्या गुलाबाचा अर्थ 'अशक्य' असा लावत आले. सनटोरी कंपनीने जनुक घालून तयार केलेला गुलाब २००९ पासून जपानमध्ये विकायला काढला. खरं सांगू? तो मला जांभळटच दिसतो.

मग रंग निवडायचा कसा? मी आता दोनच गोष्टी बघते. ज्याला द्यायचं, त्याच्या घरी ते फूल दुःखाच्या प्रसंगाचं तर नाही ना? आणि त्याला आवडतं काय? उरलेलं काम चिठ्ठीचं. चार शब्द लिहिले की तक्ता कुणी उघडत नाही.

हा गुच्छ त्याच मैत्रिणीकडे चाललाय. पुन्हा पिवळाच. पण या वेळी चिठ्ठी आहे, वाचून दाखवते : "मत्सर नाही गं. पार्टी मात्र बाकी आहे."