नाव तेच, अक्षर वेगळं

[दृश्य: काळा पडदा, लॉगिनची ओळ]

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मशीनवर 'रूट' हे मुख्य व्यवस्थापकाच्या खात्याचं नाव स्मॉल अक्षरांत टाकलं, पासवर्ड बरोबर दिला, की आत जाता येतं. आता पासवर्ड तोच ठेवून फक्त पहिला आर कॅपिटल करा. उत्तर येतं: 'लॉगिन इनकरेक्ट'. विंडोजवर मात्र नाव कॅपिटलमध्ये टाका की स्मॉलमध्ये, खातं उघडतं. पासवर्डाच्या बाबतीत दोघंही सारखेच काटेकोर.

कंप्युटरच्या लेखी अक्षर म्हणजे आकडा. आस्की संकेतात कॅपिटल ए म्हणजे ६५, स्मॉल ए म्हणजे ९७. युनिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्याच वळणावर गेलेलं लिनक्स हे आकडे जसेच्या तसे ताडून बघतात. विंडोज नाव तुम्ही लिहिलं तसंच जपून ठेवतं, पण जुळवताना लहान-मोठा भेद करत नाही.

[दृश्य: टेलिटाइप मॉडेल ३३, कागदावर उमटणारी कॅपिटल अक्षरं]

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. त्या काळी कंप्युटरशी बोलायला बऱ्याचदा पडदा नसायचाच. असायचं हे यंत्र, सेकंदाला १० अक्षरं खडखडत छापणारं. त्याच्याकडे स्मॉल अक्षरं नव्हती, आणि युनिक्सच्या आज्ञा तर स्मॉलमध्ये!

त्यावर काढलेली युक्ती मला या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. लॉगिनला आलेलं नाव सगळंच्या सगळं कॅपिटल असेल, तर युनिक्स समजून घ्यायचं, की समोरच्या यंत्राकडे दुसरी अक्षरंच नाहीत. मग तिथून येणारं प्रत्येक अक्षर ते स्वतःच स्मॉल करून घ्यायचं. खरोखर कॅपिटल हवं असेल, तर आधी उलटी तिरकी रेघ टाकायची. नावावरून माणूस तर ओळखला जायचाच, पण तो कशापुढे बसलाय हेही कळायचं. लिनक्समध्ये लॉगिनची ओळ दाखवणाऱ्या 'एगेटी' प्रोग्रॅममध्ये ही सोय आजही पर्याय म्हणून शिल्लक आहे.

अशा व्यवस्थेत युजरनेम स्मॉलमध्ये ठेवणंच शहाणपणाचं होतं. तोच शिरस्ता पुढे चालला.

[दृश्य: तुर्की कीबोर्ड, जवळून]

विंडोजची पद्धत वापरणाऱ्याला सोयीची, यात वाद नाही. फोनवरून नाव सांगताना "पहिलं कॅपिटल, बाकी स्मॉल" असं बजावावं लागत नाही. पण हा भेद पुसणं दिसतं तितकं सोपं नाही. तुर्कीत कॅपिटल आयचं लहान रूप बिनटिंबाचं असतं. 'ॲडमिन' हे नाव कॅपिटलमध्ये लिहून तुर्की नियमाने स्मॉल केलं, तर तयार होणारं नाव खात्याच्या नावाशी जुळतच नाही. म्हणून युजरनेम जुळवताना वापरणाऱ्याच्या भाषेचे नियम प्रोग्रॅमरने लावूच नयेत.

दोन्ही प्रणाली एकत्र नांदतात तिथे पारडं स्मॉलकडे झुकतं. लिनक्सचं मशीन विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीला, म्हणजे संस्थेतली सगळी खाती एका जागी सांभाळणाऱ्या यंत्रणेला, 'एसएसएसडी' या लिनक्सवरच्या प्रोग्रॅममार्फत जोडलं, की तिकडून कॅपिटलमध्ये आलेलं नावही एरवी स्मॉल होऊनच लिनक्सपुढे येतं.